ऊर्जा देशाची, चर्चा कोणाची?

शिरूर, आंबेगाव, जुन्नर आणि खेड या तालुक्यांत रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी शक्यतो एकटा जात नाही. हातात बॅटरी असते, काठी असते, सोबतीला घरातले कोणीतरी असते. बांधापलीकडच्या उसात बिबट्या असू शकतो, हे त्याला ठाऊक असते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांतील दोघे अजाण वयाचे होते. या भागातील गावांची एक मागणी मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासूनची आहे : शेतीला वीज द्यायची तर ती दिवसा द्या. वेळापत्रकात रात्रीची पाळी आली की कांद्याला पाणी देण्यासाठी रात्र जागायची आणि जीव मुठीत धरून दारे धरायची, हे किती वर्षे चालायचे?

वरवर पाहता ही एका तालुक्याची तक्रार वाटेल. प्रत्यक्षात देशाच्या ऊर्जाधोरणातील एक मूलभूत प्रश्न तिच्यात दडला आहे. सूर्य दिवसा तळपतो, सौरवीज दिवसा निर्माण होते आणि शेतकऱ्यालाही वीज दिवसाच हवी आहे. कोळसा आणि तेल यांवरचे अवलंबन कमी करीत सूर्य, वारा, पाणी आणि अणू यांच्याकडे वळण्याला आज ‘ऊर्जा-संक्रमण’ म्हटले जाते. या संक्रमणाची गरज आणि शिरूरच्या शेतकऱ्याची गरज एकाच बिंदूवर येऊन मिळतात. असे असताना संक्रमणावर जी परिषदा-परिसंवादांची रीघ लागलेली आहे, तीत या शेतकऱ्याचा आवाज कितीसा ऐकू येतो? दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित दालनांत जे बोलले जाते, ते कोण बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणत्या भाषेत बोलतो? देशाची ऊर्जा बदलत असताना या चर्चेची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

अर्धा पल्ला गाठला, पुढचा अवघड

प्रारंभीच एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या क्षेत्रात भारताने केलेली वाटचाल अभिमान वाटावा अशी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०७० पर्यंत कर्बउत्सर्जनाचा ताळेबंद शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म स्रोतांची क्षमता ५०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने विजेच्या स्थापित क्षमतेत अशा स्रोतांचा वाटा २०३० पर्यंत निम्म्यावर नेण्याचे वचन जगाला औपचारिकरीत्या दिले. ते वचन जून २०२५ मध्ये, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधीच पूर्ण झाले. ज्या प्रगत देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून आपली समृद्धी उभारली, त्यांपैकी कितींनी आपली वचने अशी मुदतीआधी पाळली, याचा हिशेब त्यांनीच द्यावा.

परंतु स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजूनही कोळशातून येते. पुढचा अर्धा पल्ला म्हणूनच अधिक अवघड आहे. सूर्यास्तानंतरची वीज साठवायची कशी? नव्या पारेषण वाहिन्यांचा खर्च कोणाच्या बिलात जायचा? २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांवर ज्या चंद्रपूरची घरे चालतात, त्या चंद्रपूरच्या कामगाराने उद्या काय करायचे? सौर प्रकल्पांसाठी जमीन कोणाची जायची? हे प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचे नाहीत. कोणी किती सोसायचे आणि कोणाला किती मिळायचे, याचे हे प्रश्न आहेत. असे प्रश्न लोकांनी सोडवायचे असतात. तज्ज्ञांनी त्यांना साहाय्य करायचे असते.

आज घडते ते नेमके उलट. धोरणाच्या चर्चेचा पट आखतात त्या आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था, परदेशी प्रतिष्ठानांच्या अनुदानावर चालणारे अभ्यासगट, बड्या सल्लागार कंपन्या, उद्योगसंघटना आणि मंत्रालयांतील अधिकारी. त्यांच्या विद्वत्तेविषयी वा हेतूविषयी सरसकट शंका घेण्याचे कारण नाही. त्यांतील अनेकांचे काम मोलाचे आहे. पण यांपैकी एकालाही रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जावे लागत नाही. ज्याला जावे लागते, त्याला ‘लाभार्थी’ या एका शब्दात बसविले, की त्याचे मत विचारण्याची गरज उरत नाही.

एन्रॉनचे ‘शिक्षण’

चर्चेची सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेली की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पुरेपूर अनुभवले आहे. आजच्या तरुण वाचकांना दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची कथा कदाचित ठाऊक नसेल. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार झाला आणि १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. त्यासाठी कोणतीही स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. जागतिक बँकेनेही १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नसल्याचे सांगून कर्ज देण्यास नकार दिला होता. तरीही प्रकल्प पुढे सरकत राहिला. वृत्तपत्रांत, उद्योगवर्तुळांत, मंत्रालयात एकच सूर होता : विरोध करणारे विकासाचे शत्रू आहेत.

हा सूर आपोआप लागला नव्हता. १९९५ च्या प्रारंभी एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकारी महिलेने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष देताना सांगितले, की भारतातील संबंधितांचे ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले होते. भारतीयांना शिकविण्यासाठी दोन कोटी डॉलर! चर्चा कोण घडवितो, या प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

त्या काळात या कराराची चिरफाड कोणी केली? पुण्यातील ‘प्रयास’ या छोट्या गटातील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि करारातील दरांचे गणित त्यांनी उलगडून दाखविले. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाने रस्त्यावर आवाज उठविला. डाव्या विचारांच्या कामगार नेत्यांनीही उठविला. विचारसरणी भिन्न होत्या. आकडे मात्र एकच गोष्ट सांगत होते.

येथे आपल्याच घरातील एक गोष्टही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला खरा. पण फेरवाटाघाटींनंतर १९९६ मध्ये तोच प्रकल्प अधिक मोठ्या आकारात पुढे नेण्यात आला. एन्रॉनने केलेले ‘शिक्षण’ पक्षांच्या सीमा ओलांडून गेले होते. १९९९ मध्ये दाभोळची वीज येऊ लागली आणि लवकरच तिचा दर मंडळाच्या आवाक्याबाहेर गेला. काही महिन्यांत तो युनिटमागे सात रुपयांच्याही वर होता. मे २००१ मध्ये निर्मिती थांबली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत निघाली. डॉ. माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्ये या व्यवहारातील दोषांवर बोट ठेवले. परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. त्याची भरपाई वर्षानुवर्षे वीजग्राहकाने केली.

एन्रॉनने दिलेला धडा असा, की परकीय भांडवलाहून अधिक धोकादायक असतात ते दुसऱ्याने मांडलेले आणि आपण तपासून न पाहिलेले आकडे.

मोजपट्टी कोणाची?

हाच धडा जागतिक पातळीवरही मिळालेला आहे. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका मान्यवर संस्थेने हवेत कर्ब सोडणाऱ्या देशांची क्रमवारी प्रसिद्ध केली आणि भारताला तीत वरच्या स्थानी बसविले. त्या वेळी दिल्लीच्या ‘विज्ञान आणि पर्यावरण केंद्रा’तील अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्या हिशेबाचीच उलटतपासणी केली. चुलीवर भाकरी भाजण्यासाठी लागणारा धूर आणि चार माणसांच्या घरात तीन मोटारी पळविण्यासाठी लागणारा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाही. दरडोई हिशेब करा, असे त्यांनी ठणकावले. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन हा भेद पुढे साऱ्या विकसनशील जगाने उचलला. आजही भारताचे दरडोई कर्बउत्सर्जन अमेरिकेच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकेच आहे. ही वस्तुस्थिती आंतरराष्ट्रीय मंचावर भारत ठामपणे मांडू शकतो, त्यामागे त्या छोट्याशा पुस्तिकेचे मोठे योगदान आहे. या मंडळींशी आपले अनेक बाबतींत मतभेद असतील. परंतु आपली मोजपट्टी आपण घडवायची असते, हे त्यांनी दाखवून दिले.

मोजपट्टी दुसऱ्याची असली, की नियमही दुसऱ्याचेच असतात. राष्ट्रीय सौर अभियानात देशी बनावटीच्या सौरघटांना प्राधान्य देण्याचे भारताने ठरविले, तेव्हा अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली आणि २०१६ मध्ये अंतिम निर्णय भारताच्या विरोधात गेला. आज हेच प्रगत देश आपापल्या उद्योगांना उघडपणे अनुदाने देत आहेत. मधल्या काळात सौरपटलांच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता चीनने आपल्या मुठीत घेतली. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेद्वारे २०२१ पासून भारताने हे अंतर कापायला सुरुवात केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिकडे युरोपीय संघाने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम यांसारख्या आयात मालावर कर्बभाराची आकारणी जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आणली. पर्यावरणाच्या नावाने उभारलेली ही जकातीची भिंतच आहे. २०२४ मध्ये बाकू येथे प्रगत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले, तेव्हा ही रक्कम अत्यंत अपुरी असल्याचे भारताच्या प्रतिनिधीने त्याच सभागृहात बजावले. उपदेश फुकट मिळतो, पैसा मिळत नाही, हा अनुभव जुनाच आहे.

शहराला उजेड, गावाला पाळी

मात्र सारा दोष परक्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. चर्चेतून गावाला वगळण्याचे काम आपणही तितक्याच सफाईने करीत आलो आहोत.

२००५-०६ चा काळ आठवावा. राज्यात भारनियमनाने कहर केला होता. त्या वेळी ‘पुणे मॉडेल’ या नावाने एक तोडगा निघाला. पुण्यातील उद्योगांनी टंचाईच्या तासांत आपापली जनित्रे चालवून सुमारे ९० मेगावॉटचा भार स्वतः उचलायचा, त्याचा जादा खर्च शहरातील मोठ्या ग्राहकांनी अधिभाराच्या रूपाने द्यायचा आणि त्या बदल्यात शहर भारनियमनमुक्त व्हायचे. नियामक आयोगाच्या मान्यतेने २००६ च्या जूनमध्ये ही योजना सुरू झाली. योजनेत गैर काहीच नव्हते. उलट नागरिक, उद्योग आणि वीज कंपनी यांनी एकत्र बसून मार्ग काढल्याचे ते चांगले उदाहरण होते. पण ते पुण्यात शक्य झाले, कारण पुण्याकडे उद्योगसंघटना होती, आकडे मांडणारे अभ्यासक होते, आयोगापुढे उभे राहणारे ग्राहक कार्यकर्ते होते आणि बातमी छापणारी वृत्तपत्रे होती. त्याच जिल्ह्यातील शिरूरच्या गावांत तेव्हा दिवसाचे कित्येक तास अंधार होता. त्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. अधिभार द्यायला गाव तयार आहे का, हेही कोणी विचारले नाही.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. किलोवॉट आणि युनिट यांतला फरक समजायला मला पत्रकारितेतील काही वर्षे घालवावी लागली. त्यामुळे ‘हे तज्ज्ञांचे क्षेत्र आहे’ या वाक्याचा दरारा मी जाणतो. पण वीजदराच्या जनसुनावण्यांना बसू लागल्यावर ध्यानात आले, की सभागृहात सर्वांत नेमका प्रश्न बहुधा एखादा साधा शेतकरी विचारतो. माझी मोटार पाच अश्वशक्तीची, वीज मिळते ती आठ तास आणि तीही अर्धा वेळ कमी दाबाने. मग माझ्या नावावर इतका वापर लिहिला कोणी? शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवून गळती झाकली जाते का, हा महाराष्ट्रातील जुना वाद या साध्या प्रश्नातूनच उभा राहिला. नियामक आयोगालाही शेतीच्या वापराचा स्वतंत्र अभ्यास करवून घ्यावा लागला, तो त्यामुळेच.

२००३ च्या वीज कायद्याने दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेण्याचे बंधन घातले आहे. हा मोठा अधिकार आहे. परंतु तो वापरायचा कोणी? सारांश मराठीत मिळतो. मूळ याचिका शेकडो पानांची आणि इंग्रजीत असते. केंद्राच्या धोरणांची तऱ्हा याहून वेगळी नाही. वीज कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा १७ एप्रिल २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना प्रसृत झाला आणि हरकतींसाठी प्रारंभी अवघे एकवीस दिवस देण्यात आले. त्याच वर्षी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले आणि केंद्रीय मंत्रालयाने या आदेशालाच आव्हान दिले. सरकार आपल्या विचारांचे असले तरी ही पद्धत आपल्या विचारांची नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनी मातृभाषेतून धोरणाचाही आग्रह धरला पाहिजे.

पाबळची वाट

याच शिरूर तालुक्यात, पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर पाबळ आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. पण या गावाची खरी ओळख आणखी एक आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेला, हिंदुस्थान लिव्हरसारख्या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात जबाबदारीचे पद सांभाळलेला हा शास्त्रज्ञ निवृत्तीच्या उंबरठ्यावर सपत्नीक एका दुष्काळी गावात येऊन राहिला आणि २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच काम करीत राहिला. पाबळच का, याचे उत्तर सरळ होते : हे गाव देशातल्या हजारो कोरडवाहू गावांसारखे होते. येथे जे टिकेल, ते अन्यत्रही टिकेल.

कलबागांनी गावाला व्याख्याने दिली नाहीत. शाळेत नापास ठरलेल्या, शिक्षण सोडलेल्या मुलांना त्यांनी हाताने काम करीत विज्ञान शिकविले. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या त्यांच्या अभ्यासक्रमाचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलांनी गावाची खरी कामे करायची, त्यांचा हिशेब ठेवायचा आणि त्यातूनच शिकायचे. जमिनीतील पाण्याचा अंदाज घेण्याचे यंत्र वापरून विहिरीची जागा सुचविणे, घरातील वीजजोडणी करणे, लोखंडी सांगाड्यावर घुमटाकार घर उभे करणे अशी ही कामे होती. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने ‘फॅब लॅब’ ही संगणकनियंत्रित कार्यशाळा ज्या ठिकाणी उभी राहिली, त्या अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या ठिकाणांत पाबळचा समावेश होतो. म्हणजे परदेशी ज्ञानाचे वावडे येथे नव्हते. प्रश्न गावाचा होता; उत्तरासाठी ज्ञान जगातून कोठूनही आणायची तयारी होती. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना जे आपले आहे ते युगानुकूल करावे आणि जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे, असा विचार दिला. तो कोणी प्रत्यक्ष जगून दाखविला, असे विचारले तर पाबळकडे बोट दाखविता येईल.

ऊर्जाधोरणाच्या चर्चेला याच क्रमाची गरज आहे. आज आधी उद्दिष्ट ठरते, मग योजना, मग निविदा आणि शेवटी गाव. पाबळचा क्रम याच्या नेमका उलटा होता. सर्वसाधारण निरीक्षकाला त्यातला फरक बारीक वाटेल. गावाला तो वाटत नाही.

गायरानावरचा सूर्य

हा फरक कोठे जाणवतो, ते आजच्या योजनांतूनच पाहता येते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबविला जात आहे. कृषी वाहिन्यांना गावाजवळच्या सौरप्रकल्पांतून वीज पुरवायची, म्हणजे शेतकऱ्याला ती दिवसा मिळेल, ही कल्पना उत्तम आहे. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या दुखण्यावरचा तो खरा उपाय आहे. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये, अशी तरतूदही आहे.

पण अनेक ठिकाणी प्रकल्पासाठी गावाचे गायरान निवडले जाते. नकाशावर गायरान म्हणजे मोकळी सरकारी जमीन. गावात मात्र तेच धनगराच्या मेंढ्यांचे कुरण असते, भूमिहीनाच्या गाईचा चारा असतो आणि कोणाचे झोपडेही असते. ही जमीन द्यायची की नाही, दिली तर चराईची सोय कोठे करायची, आलेले पाच लाख कशावर खर्च करायचे, याची चर्चा ग्रामसभेत व्हावी. बहुतेक वेळा ती मोजणीची माणसे येऊन उभी राहिल्यावर होते आणि मग तिचे रूपांतर भांडणात होते. अशा भांडणात बाहेरून कोणीतरी येऊन गावाच्या नावाने बोलू लागतो. पोकळी आपण ठेवायची आणि ती दुसऱ्याने भरली म्हणून तक्रार करायची, यात काय अर्थ आहे?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या २०२४ च्या योजनेचेही असेच. एकूण किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अवघे पाच टक्के भरून पंप मिळतो, ही मोठी सवलत आहे. पंपाची क्षमता मात्र जमिनीच्या क्षेत्रावर ठरते : अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. कोकणात वा नदीकाठी हे पुरेल. पाबळसारख्या कोरडवाहू पट्ट्यात, जेथे पाणी खोल गेले आहे, तेथे दोन एकरवाल्याचा तीन अश्वशक्तीचा पंप किती पाणी वर काढील? पंपाची शक्ती शेताच्या क्षेत्राइतकीच पाण्याच्या खोलीवर ठरायला हवी, हे सांगायला सल्लागार कंपनी लागत नाही. गावातला कोणताही मोटार दुरुस्त करणारा ते सांगेल. त्याला विचारले गेले नाही, इतकेच.

आणि तिसरी गोष्ट. २०२४ पासून राज्यातील साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना मोफत वीज मिळते. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरेच. पण मोफत विजेने भूजलाचे काय होईल आणि हा भार किती वर्षे पेलेल, ही चर्चाही गावानेच आधी करायला हवी, कारण कोरडी पडणारी विहीर गावाची असते. शेतकऱ्याला चर्चेत बसवायचे म्हणजे केवळ त्याच्या मागण्या मान्य करायच्या असे नव्हे. जबाबदारीचा वाटाही त्यालाच उचलायचा आहे. २००६ च्या सुमारास ‘अक्षय प्रकाश’ योजनेत राज्यातील गावांनी संध्याकाळी मोटारी बंद ठेवण्याची हमी पाळून आपल्या घरांतले दिवे उजळले होते. गाव शहाणपणाने वागू शकते, याचा तो पुरावा आहे.

शिक्का नको, अभ्यास हवा

परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांविषयी आपल्या वर्तुळात बरेच बोलले जाते. जून २०१४ मध्ये गुप्तवार्ता विभागाचा यासंबंधीचा अहवाल गाजला. पुढच्याच वर्षी ग्रीनपीसची परदेशी निधी घेण्याची नोंदणी रद्द झाली. ज्या पैशाचा स्रोत दडविला जातो, त्याची चौकशी अवश्य व्हावी. नियम तेलकंपन्या, सल्लागार आणि उद्योगसमूहांनाही लागू व्हावा. ज्याचा अहवाल, त्याचा पैसा कोठून आला, हे पहिल्या पानावर छापलेच पाहिजे.

पण समोरच्यावर शिक्का मारला, म्हणजे त्याचे आकडे खोटे ठरले, असे होत नाही. एन्रॉनच्या वेळी विरोधकांना विकासविरोधी ठरविण्यात आले होते आणि आकडे त्यांचेच खरे निघाले. आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. ती तयारी आपली किती आहे? ग्राहक चळवळीत, किसान संघात, मजदूर संघात, वनवासी क्षेत्रात काम करणारे हजारो कार्यकर्ते आपल्याकडे आहेत. गावोगावी शाखा आहेत, शाळा आहेत. त्यांतील कितींनी आपल्या वीज उपकेंद्रावर किती वाहिन्या आहेत, किती पंप आहेत, रोहित्र वर्षातून किती वेळा जळते, विहिरीची पातळी उन्हाळ्यात किती खाली जाते, याची एक वही ठेवली आहे?

ही वही ठेवणे अवघड नाही. कलबागांच्या पद्धतीने पाहिले तर नववीची मुले ती ठेवू शकतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा अनुभव देण्याचे ठरविलेच आहे. त्यात हा गावाचा ऊर्जा-ताळेबंद बसविता येईल. तो वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचावा. तालुक्यातील पन्नास गावांच्या वह्या एकत्र आल्या, की त्यातून जे उभे राहील ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा खरे असेल, मराठीत असेल आणि ते घेऊन नियामक आयोगापुढे उभा राहणारा माणूस स्वतःच्या अनुभवावर बोलेल. राज्य सरकारने धोरणांचे मसुदे आणि वीजदराच्या याचिका संपूर्ण मराठीत, किमान साठ दिवसांच्या मुदतीने प्रसिद्ध कराव्यात आणि गायरानावरील प्रकल्पाआधी ग्रामसभेची खरीखुरी चर्चा अनिवार्य करावी, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. सरकार आपले म्हणून मागायचे नाही, हा संकोच सोडला पाहिजे. आपले आहे म्हणूनच अधिक हक्काने मागायचे.

स्वदेशीचा अर्थ केवळ सौरपटल कोणत्या देशात बनले, एवढाच नाही. ते कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या संमतीने, कोणाच्या गरजेसाठी बसले, हाही स्वदेशीचाच प्रश्न आहे. देशाची ऊर्जा बदलणार हे निश्चित आहे. तो बदल आपल्या नावाने दुसऱ्याने लिहायचा की आपण आपल्या हाताने, एवढेच ठरायचे बाकी आहे. शिरूरच्या त्या शेतकऱ्याच्या हातातील बॅटरी आणि काठी ज्या दिवशी खाली ठेवली जाईल आणि तो उजेडी, निर्धास्तपणे पिकाला पाणी देईल, त्या दिवशी ऊर्जा-संक्रमण खऱ्या अर्थाने झाले असे म्हणता येईल. तोवर चर्चेत त्याची खुर्ची रिकामी आहे, याची आठवण आपण सर्वांना आणि आधी स्वतःला करून देत राहिले पाहिजे.